बिनपंख्याचं कार्ड
कॉम्प्युटर उघडला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला जयनगरमधलं एक दुकान आठवतं. आमच्या घरमालकांची नजर अधू झाली होती, भिंतीवरचा टीव्ही त्यांना नुसता धूसर दिसायचा. म्हणून छतावरच्या डिशची केबल कॉम्प्युटरला जोडून त्यांना एचडी क्रिकेट अगदी जवळून दाखवायचं मी ठरवलं. मालकीणबाई, म्हणजे अक्का, दुकानात माझ्याबरोबर आल्या होत्या. डिशसाठीचं ट्यूनर कार्ड घेऊन मी सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड मागितलं. दुकानदारानं ते चालवून दाखवलं, तसा त्याचा पंखा घोंघावू लागला. अक्का हळूच म्हणाल्या, "हे नको रे. त्यांना दिसतं ते स्वल्पच, बाकी मॅच ते कानांनीच बघतात." मी ओशाळलो. आठवडाभर मी कार्डांची माहिती वाचत होतो, पण हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "एचडीला बिनपंख्याचं साधं कार्डही पुरतं, सर," दुकानदार म्हणाला. तेच घेतलं. रविवारी दुपारी मालक पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले. बॅटचा आवाज आला आणि ते शांतपणे म्हणाले, "फोर गेला." चेंडू तेव्हा अजून सीमेपर्यंत पोचायचा होता. आता माझाही चष्मा जाड झालाय, आणि मॅच लागली की मी कधीकधी डोळे मिटून बसतो.