पळ्या कोरणारी हेडविका

आमच्या काचकारखान्यात भट्टीच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. तिथे हेडविका मालिन्स्का एकोणचाळीस वर्षं बसली. शेजारच्या खोलीत मी पेल्यांच्या कडा घासायचे. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. ती खोकली तरी मला कळायचं.

काच फुंकणाऱ्यांना लागणारी लाकडाची सगळी हत्यारं हेडविका करायची. नळीच्या टोकाला भट्टीतून घेतलेला गोळा आधी नुसता लोंबत असतो. त्याला गोल करायला पळी लागते. नासपतीच्या ओंडक्यातून कोरलेली, लांब दांड्याची, वाटीच्या एका बाजूला खाच ठेवलेली. ती सतत पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर काच तिला खाऊन टाकते. मग पेल्याचा तळ सपाट करायला फळी, तोंड रुंद करायच्या चिमट्याचे लाकडी पाय, आणि तोंडाला आकार देताना पेल्याची बैठक धरून ठेवायची पकड. लोखंड लोहाराकडून यायचं, लाकूड हेडविकाचं. प्रत्येक उस्तादाचा हात तिला पाठ होता. कुणी तक्रार घेऊन आला की ती आधी त्याचा पंजा उलटापालटा करून बघायची.

"पळी जड लागते," एकदा एकजण म्हणाला.

"पळी तेवढीच आहे. काल रात्री बिअर किती झाली ते सांग."

ओताकार मालिन्स्की तिला भेटला तोही तक्रारीवरूनच. तो डावखुरा. सगळे पळी उजव्या हातात धरतात आणि डाव्या हाताने नळी फिरवतात, याचं सगळं उलटं. त्याने खाच चुकीच्या बाजूला आहे म्हणून पळी तिच्या बाकावर आपटली.

"पळी बरोबर आहे," हेडविका म्हणाली. "तुझे हात उलटे लावलेत."

"मग पळी उलटी कर. हात काही बदलून मिळत नाहीत."

तिने तीन दिवसांत चार उलट्या पळ्या केल्या. त्याच शरद ऋतूत त्यांचं लग्न झालं. दोन वर्षांनी झोरा झाली, एकुलती एक. ओताकार पुढे उस्ताद झाला. त्याच्या बाकाच्या पाण्याच्या टबात नेहमी दहा-अकरा पळ्या असायच्या, सगळ्या डावऱ्या. दुसऱ्या कुणी त्यातली उचलली तर पहिल्याच गोळ्याला फसायचा आणि सगळे हसायचे.

एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये झोरा तिच्या ऑफिसच्या लोकांबरोबर युगोस्लाव्हियाला समुद्रावर गेली. बावीस वर्षांची होती. बस परत आली ती तिच्याशिवाय. ती सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेली होती, आणि आमच्या कम्युनिस्ट राजवटीत गेलेल्या माणसाला तेव्हा परतीचा रस्ता नसायचा. आली असती तर थेट तुरुंग, आणि मागे राहिलेल्या घरच्यांनाही शिक्षा.

पोलिसांची दोन माणसं मालिन्स्कींच्या स्वयंपाकघरात चार तास बसून गेली. संध्याकाळी मी गेले तेव्हा हेडविका बटाटे सोलत होती.

"झोरा गेली," ती म्हणाली. पाव संपला म्हणतात तसं.

"ओताकार कुठेय?"

"मागे अंगणात. लाकडं फोडतोय."

"तू रडलीस का गं?"

"नाही." तिने बटाट्याचा डोळा सुरीने काढला. "मला काही होतच नाहीये, यार्मिला. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. आपलाच गाल, पण दुसऱ्याचा वाटतो."

मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल.

पुढच्या आठवड्यात मुकादम ब्राबेत्स तिच्या खोलीत आला. वाईट माणूस नव्हता तो, पण वरून आलेला निरोप त्याला कधी परत पाठवता आला नाही. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"कॉम्रेड मालिन्स्का, सोमवारपासून तुमचे मालक बाकावर बसणार नाहीत. अंगणात फुटक्या काचेच्या ढिगावर जातील."

"बरं."

"त्यांच्या जागी लुमीर बसेल. त्याला सहा पळ्या लागतील. उजव्या हाताच्या."

"कधी?"

"शुक्रवारपर्यंत झाल्या तर..."

"होतील."

ब्राबेत्स थोडा वेळ तिथेच घुटमळला असावा, कारण बुटांचा आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "त्या जुन्या डावऱ्या. त्या तिथे दिसायला नकोत असं म्हणणं आहे. जाळून टाका म्हणतात."

"कोण टाकणार? तुम्ही का मी?"

"तुम्हीच... तुमच्याच आहेत ना त्या."

शुक्रवारी तिने सहा नव्या पळ्या लुमीरच्या टबात सोडल्या आणि जुन्या अकरा काढून हातगाडीत ठेवल्या. लुमीर नऊ वर्षं ओताकारच्या हाताखाली काम केलेला माणूस, चौतीस-पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप. तो बाकावरून उठून उभा राहिला.

"हेडविका, राहू दे. मी घरी नेतो गुपचूप. माळ्यावर टाकतो."

"बाजूला हो. भाजेल."

पेले पुन्हा तापवायची लहान भट्टी होती. तिचं दार तिने आकड्याने ओढलं आणि एकेक पळी आत सारली. कित्येक वर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड ते. पेट घेईना. नुसती वाफ सुटली, सूं सूं आवाज येत राहिला, बाहेर राहिलेल्या दांड्यांच्या टोकांतून पाण्याचे थेंब गळू लागले. पाळीतल्या सगळ्यांचे हात थांबले. ती लोखंडी सळईने दांडे आत ढकलत उभी राहिली. अर्धा तास लागला. मग दार लोटून ती आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मला पटाशीचा आवाज आला. नेहमीसारखा, एका लयीत.

"लाकडात राहून बाई लाकूड झाली," कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत म्हणालं. कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर पुढचा महिनाभर मी तिच्याबरोबर डबा खायला बसले नाही. माझा नवरा म्हणाला होता, जरा लांब राहा, आपल्याला सरकारी घर मिळायचंय. मी राहिले लांब. महिन्याने परत गेले तेव्हा मी बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. तिने मान वर करून बघितलं, बाकावरचा भुसा हाताने झटकला आणि म्हणाली, "बस. लोणी आणलंयस का? माझं संपलंय."

ओताकारने ढिगावर तीन हिवाळे काढले, चौथा निम्मा. फुटलेले पेले, चुकलेल्या फुलदाण्या, सगळं फावड्याने हातगाडीत भरायचं आणि पुन्हा वितळवायला भट्टीवाल्यांकडे न्यायचं. तो कधी कुणाला काही बोलला नाही. फक्त लुमीरच्या हातून काही मोठं फुटलं की तुकडा उचलून उजेडात धरायचा, जाड कुठे झालं होतं ते बघायचा आणि टाकून द्यायचा.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो त्या ढिगापाशीच पडला. हृदय बंद पडलं. मी हेडविकाला बोलवायला गेले. ती अॅप्रनवरच आली, बर्फात गुडघे टेकून बसली, त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग बाजूला पडलेलं फावडं उचलून ब्राबेत्सच्या हातात दिलं.

"आत ठेवा. गंजेल."

दफनाला झोरा येऊ शकली नाही. तिची पत्रं ऑस्ट्रियातल्या लिंझहून यायची, फोडून वाचलेली आणि पुन्हा चिकटवलेली. हेडविका ती उभ्या उभ्या वाचायची आणि टेबलावरच्या मेणकापडाखाली सारायची.

"काय म्हणते?" मी विचारायचे.

"तिकडे पाऊस आहे."

कधी लिहायची, तिकडे लग्न झालं. कधी, घटस्फोट झाला. हेडविका मला ते पावसासारखंच सांगायची.

ओताकारच्या दफनानंतर स्मशानातून परतताना लुमीर तिच्या शेजारून चालत होता. तो प्यायला होता आणि रडत होता. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "त्या बाकावर बसायला मी नाही म्हणायला पाहिजे होतं, हेडविका. त्याने मला शिकवलं, आणि मी..."

"नाही म्हणाला असतास तर दुसरा बसला असता. त्याला काही येत नसतं." ती चालत राहिली. "तुझ्या मोठ्या पळीची कड जळलीये. सोमवारी घेऊन ये."

त्या दिवशी मला तिचा राग आला होता. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणालेसुद्धा, की या बाईच्या आत काही उरलेलं नाही. आता वाटतं, मला तरी काय कळत होतं. ती रोज सहाला यायची, दोनला जायची. रविवारी कबर साफ करायची. हिवाळ्यात कोबी आंबत घालायची, एक बरणी मला द्यायची. विचारलं तर म्हणायची, बरं चाललंय. आणि चाललेलंच होतं.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात राजवट पडली आणि सीमा उघडल्या. नव्वदच्या वसंतात झोरा आली, स्वतःची गाडी चालवत. तेहतीस वर्षांची, केस कापलेले, चष्मा. दारात उभी राहिली. मी समोरच्या आमच्या घराच्या खिडकीतून बघत होते, लाज न बाळगता. हेडविकाने दार उघडलं.

"आलीस," ती म्हणाली. "बूट काढ, आत्ताच पुसलंय."

तीन दिवस झोरा त्या घरात होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडायला लागली.

"मावशी, मी दारातून पळत जाऊन मिठी मारली तर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग म्हणाली, सूप उतू जाईल. ती माझ्याकडे बघते, पण मी तिथे नाहीच असं बघते."

"अगं, ती सगळ्यांकडे तशीच बघते. तुझ्यासाठी काही वेगळं नाही."

"म्हणजे मी समाधान मानू?"

"कॉफी घे," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सुट्टी संपून हेडविका कामावर आली. झोरा तिच्या मागोमाग आली. मी चाक चालू करून कडा घासत होते, पण कान भिंतीकडेच. बराच वेळ फक्त पटाशी. मग झोराचा आवाज आला, "मी करू थोडं?"

"कर."

दुसरी पटाशी, अडखळत. मग एक दबलेली किंकाळी, आणि त्यावर हेडविकाचा आवाज. अकरा वर्षांत तो इतका वर गेलेला मी ऐकला नव्हता.

"गाढवे! हात पात्याच्या पुढे ठेवतात का? सात वर्षांची होतीस तेव्हा शिकवलं होतं तुला, इथेच, याच खुर्चीत! दाखव इकडे. दाखव म्हणते ना! काही लक्षात ठेवायचं नाही, काही म्हणजे काही नाही! जाताना स्वेटर का नाही नेलास? तो हिरवा. कपाटात तसाच होता. ऑक्टोबरात काय घातलंस? थंडीत काय घातलंस तू?"

"आई, निर्वासितांच्या कॅम्पमध्ये दिले होते..."

"दुसऱ्यांचे कपडे! दुसऱ्यांचे जुने कपडे घालून हिंडलीस! तुझ्या बापाने तीन हिवाळे फावडं मारलं. तो हात फावडं मारायचा होता का? सांग ना!"

"मला माहितीये, आई."

"तुला काही माहीत नाही! अकरा पळ्या मी जाळल्या, ते तुला माहितीये? ओल्या होत्या. जळेनात. पोरी, जळेनात त्या!"

मी चाक बंद केलं. ती बोलतच राहिली. स्वेटरपासून झोराच्या कापलेल्या केसांपर्यंत, लिंझच्या नवऱ्यापर्यंत, बापाच्या अंगावर शेवटी कुठला कोट होता इथपर्यंत. झोरा मध्येच काहीतरी म्हणायची आणि तिला गप्प केलं जायचं. लुमीर दारापाशी पळीची खाच वाढवून घ्यायला आला होता. मी त्याला हातानेच परत जा म्हणून सांगितलं.

मग कापड फाटल्याचा आवाज आला. मी डोकावले. हेडविकाने अॅप्रनची पट्टी फाडून झोराच्या अंगठ्याला घट्ट गुंडाळली होती आणि तो अंगठा दोन्ही हातांत धरून बसली होती. दोघी त्या अंगठ्याकडेच बघत होत्या. हेडविकाचा चेहरा नेहमीचाच होता. डोळे कोरडे.

"यार्मिला, आयोडीन आहे का गं?"

मी आणून दिलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, घसा बसलाय. झोरा आठवड्याने परत गेली आणि मग दर उन्हाळ्यात येत राहिली. हेडविका एकदाच लिंझला गेली, चार दिवसांत परतली. तिकडे झोप लागत नाही म्हणे, भिंती जाड आहेत. सेवेतून निवृत्त झाली तेव्हा लुमीरने छोटंसं भाषण केलं. ती ऐकत उभी राहिली आणि भाषण संपल्यावर म्हणाली, आता मला सांधेदुखीची गोळी घ्यायचीये.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात तिला फुप्फुसाचा आजार झाला. मी रोज दवाखान्यात जायचे. बुधवारी तिने विचारलं, "झोरा कधी येतेय?"

"शनिवारी."

"म्हणजे क्नेडलिकी उकडाव्या लागतील. तिला मनुका घातलेल्या आवडतात." आणि वर म्हणाली, "पीठ नीट मळायचं. तू घाई करतेस."

गुरुवारी पहाटे ती गेली. शनिवारी झोरा आली, दफन उरकलं, मी तिला घरी घेऊन आले. मनुका घालून पिठाचे गोळे वळले आणि क्नेडलिकी उकडल्या. कडक झाल्या. झोराने चार खाल्ल्या.