बांधापलीकडची पट्टी

"त्याच्या हाताला स्वतःच्या वाट्याच्या पट्टीत यश नाही," माझे वडील, नाना, ओट्यावर शेजाऱ्यांना सांगत होते. "आपल्याकडे सोनं पिकवतो, तिकडे काडी धड येत नाही. या आखाजीला मी ती पट्टी दुसऱ्याला देतो."

मी दाराआड ज्वारी निवडत होते. बोलणं आमच्या सालदाराविषयी होतं. आम्ही मुलं त्यांना आबा म्हणायचो. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना त्यांचं साल नव्यानं ठरवत: वर्षभर आमच्या शेतात राबायचं, पावसाळ्यात खायला धान्य आमच्या घरून घ्यायचं, आणि बांधापलीकडची एक पट्टी निम्म्या वाट्यानं करायची. आमचं धान्य खाल्लेले हात आधी आमचे, हे कुणी वेगळं बोलून दाखवत नसे.

पुण्याच्या इंग्रजी शाळेतून परतल्यावर मला कुणाशी मोकळं बोलता येईना. मी नुसती बघत राहायचे. तुमच्यातही असे बघे असतीलच.

पाऊस उघडला की आबा मुठीत माती दाबून गोळा करत आणि कमरेच्या उंचीवरून सोडत. फुटला की म्हणत, "नाना, वाफसा उना." म्हणजे माती पेरणीजोगी झाली. गोळा त्यांच्याच पट्टीतला असे. ती चढावर, पाणी लवकर निथळे, म्हणून सगळ्यांत आधी पेरणीला येई. पण पेरणीची पाभर आधी आमच्या शेतात शिरे, आणि आठवड्यानं मोकळी होईपर्यंत पट्टीतली ओल उडालेली असे.

एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, तुमचं कधी?"

"आधी तुम्हनं, मंग मन्हं," ते हसले. "मन्ही जमीन समजूतदार शे. वाट देखस."

जमीन वाट बघत नव्हती. माती तीच, बैल तेच, हात तेच. तरी बांधाच्या अलीकडे ज्वारी डोक्यावर आणि पलीकडे कमरेला. नानांचाही निम्मा वाटा त्यात बुडत होता. मला हे दिसत होतं. मी दाराआड ज्वारी निवडत राहिले.

आखाजीला पट्टी गेली. आबा वाद घालत बसले नाहीत. पाभरीचे दोर नीट गुंडाळून त्यांनी खुंटीला अडकवले आणि शिरपूरकडे लेकीच्या गावी गेले. ते परत आले नाहीत.

मृगात नव्या सालदारानं त्याच पट्टीतला गोळा आणून ओट्यासमोर सोडला. फुटला. नाना म्हणाले, "चला, पाभर आपल्या खालच्या शेतात घ्या."

मी दाराबाहेर आले. खुंटीवरचे दोर नवा सालदार काढत होता, आबांनी गुंडाळले तसेच ते होते.

"नाना," मी म्हणाले, "आधी यांची पट्टी. मग आपलं शेत."