पाचफुटी राजा आणि आमचा बापू

गादीच्या दुकानात कापूस आणि किस्से कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. लोकांना वाटतं, गादीवाल्याचं आयुष्य म्हणजे सगळं मऊ मऊ. या एकदा बसायला! इथं येणारं गिऱ्हाईक एक तर लग्नाचं, नाहीतर कंबरदुखीचं. दोघंही हसत येतात आणि भांडून जातात.

सुप्याला, नगर-पुणे रोडला आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि बापूचं. पलंग आणि गादी, दोन्ही मापानुसार करून देतो. आम्ही दोघं कर्जतकडच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. बापूची उंची सहा फूट दोन इंच, वय छत्तीस, थोडी जिरायत जमीन, निम्मं दुकान आणि लग्न नाही. शेवटचं सोडलं तर सगळं झकास! मी पाहुण्यांना सांगतो, "पोरगा निर्व्यसनी आहे." पाहुणे म्हणतात, "ते ठीक हाय, पन पॅकेज?"

त्याची आई गावी असते. दर फोनला तिचा एकच प्रश्न, "जमलं का रं कुठं?" दुनियेच्या पोरींचे पलंग करून देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं काही जमेना, हे आमच्या दुकानाचं खरं दुखणं. बाकी सगळे किस्से त्याच्याच भोवतीचे.

*

एमआयडीसीतल्या एका कंपनीत जर्मन साहेब आला, बायकोला घेऊन. बंगल्यातल्या पलंगासाठी ऑर्डर आली. पलंग एक, पण गाद्या दोन. प्रत्येक नव्वद सेंटिमीटर रुंद, शेजारी शेजारी ठेवायच्या.

बापूचा चेहरा पडला. "ह्यांचं कायतरी बिनसलंय बघ. परक्या मुलखात येऊन येगळं झोपत्यात. आपुन एकच गादी देऊ. गादी एक असली की भांडान आपोआप मिटतं."

"बापू, तू गादीवाला आहेस. तंटामुक्तीचा अध्यक्ष नाहीस!"

ऐकतोय कुठला! अखंड गादी शिवली आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोतून परत. बरोबर साहेबांचा ड्रायव्हर. तो हसून हसून बेजार. म्हणाला, "अहो, त्यांच्याकडं सगळ्यांचंच असं असतं. गाद्या दोन, पांघरुणं पण दोन. एकानं कूस बदलली तर दुसऱ्याची झोप मोडत नाही. लई प्रेम आहे दोघांचं!"

बापूनं गादी उसवायला घेतली. निम्मी उसवून झाल्यावर थांबला.

"हितं एकाला दुसरी मिळंना," तो म्हणाला, "आन् त्यांना मिळूनबी मधी फट पायजे!"

*

कोपरगावकडचे एक बागायतदार आले. उसाचे पैसे, नवा बंगला, पांढरी गाडी. आल्या आल्या म्हणाले, "किंग साईझ द्या!"

असं कुणी म्हटलं की बापूच्या अंगात येतं. "कुठला किंग, काका?"

"म्हंजे?"

"न्हाई, इंग्लंडचा किंग पाच फूट रुंद. आपला सहा फूट. अमेरिकेचा सहा फूट चार इंच."

मी मागून खुणा करतोय, बाबा रे गप्प बस, गिऱ्हाईक आहे. पण काकांनी हात वर केला. "थांबा थांबा. इंग्लंडचा किंग पाच फुटात झोपतो?"

"व्हय."

"नवरा-बायको दोघं?"

"व्हय की."

काका मटकन खुर्चीत बसले. "आन् असल्यांनी आपल्यावर राज्य केलं? मायला, आपले पणजोबा काय करत हुते मंग!"

त्या रागात त्यांनी अमेरिकेच्या मापाची ऑर्डर दिली. बापूवर मात्र खूश झाले. "पोरगं हुशार हाय. लगीन झालं का?"

"न्हाई."

"माझी भाची हाय एक. नोकरी कुठं?"

"हेच दुकान, काका."

"असं असं," म्हणत काका शेजारच्या गादीवर हात फिरवायला लागले. "ह्यात फोम कुठला म्हनला?"

मुलीचा मामा बोलता बोलता गादी चाचपायला लागला की समजायचं, संपलं. आम्हाला आता सवय झालीय.

*

एक जपानी इंजिनिअर आला. पलंगच नको म्हणाला. पातळ गादी, जमिनीवर टाकायची, सकाळी घडी घालून कपाटात. बापूनं ही गंमत आईला फोनवर सांगितली.

आई म्हणाली, "मंग आपल्यावानीच की रं! त्यांच्या पोरांची लग्नं होत्यात का पन?"

*

राहुरीकडं पोरगी बघायला गेलो. जाताना मोटरसायकलवर मी बापूला बजावलं होतं, "मापांबद्दल एक अक्षर काढायचं नाही. विचारलं तेवढंच बोल." बापू मान डोलावत होता.

पोहे आले. पोरीनं मान खाली घातलेली, आजी कोपऱ्यात, समोर मामा. मामांनी सहज विचारलं, "धंद्यात अवघड काय असतं तुमच्या?"

झालं! बापू सुटला. "अवघड म्हंजे बघा, डबलबेड. नाव एक, पन परतेक देशाचं माप येगळं. इंग्लंडात डबल म्हंजे साडेचार फूट. आता साडेचार फुटात दोन मानसं कशी झोपत असतील, तुमीच इचार करा."

आणि खोलीतल्या सगळ्यांनी खरंच विचार केला हो! आजीनं पदर तोंडाला लावला. मामांना ठसका लागला. पोरगी ट्रे उचलून आत गेली ती परत बाहेर आलीच नाही.

 परतताना विळद घाटाजवळ मागून बापूचा आवाज आला, "पन मी चुकीचं काय सांगितलं? साडेचारच हाय!"

मी गाडी बाजूला घेतली आणि डोकं टाकीवर टेकवून बसलो. 

*

आपल्याकडं पोरीच्या बापानं पलंग-गादी-कपाटासकट संसार द्यायचा. पण माप कुणी जावयाच्या खोलीचं घेत नाही, आपल्या इज्जतीचं घेतो. पारनेर तालुक्यातल्या एका बापानं असाच हट्टानं सहा बाय साडेसहाचा पलंग नेला. जावयाची खोली आठ बाय आठ! दार आत उघडेना म्हणून सुतार बोलवून बाहेर उघडणारं करून घेतलं. दार उघडलं की समोर गादीच.

महिन्याभरानं नवऱ्या मुलाची आई दुकानात आली, कमरेवर हात ठेवून. "सून गुनाची हाय वो. पन तिच्या खोलीत उभं ऱ्हायला जागा न्हाई. च्या द्यायचा तर मला पलंगावरनं रांगत जावं लागतंय. सासू मी हाय का ती?"

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसलो. बापू तेवढा हसला नाही. बाई गेल्यावर म्हणाला, "रांगत का हुईना, सुनंला च्या तर देतीय."

*

मग बापूनं काय करावं? गावाकडं चांगली ऐसपैस खोली बांधली. स्लॅब, फरशी, दोन खिडक्या. आणि आपल्या पायांना पुरेल असा सात फुटी पलंग स्वतः करून तिथं नेऊन टाकला. म्हणाला, "उद्या पावनं घर बघाया आलं तर तयारी दिसली पायजे." मला ते पटलं. मीच टेम्पोत चढवायला हात लावला होता.

उन्हाळ्यात गावी जाऊन आला. मी विचारलं, "काय म्हणतेय खोली?"

"आईनं पलंगावर कांदा पसारलाय."

"काय?"

"म्हनली, भुईवर नासतो रं. आन् तू कुठं झोपतूस तिथं!"

सांगताना तो हसत होता. मीही हसलो. मग दोघांचंही हसू एकदमच संपलं. मी उगाच दारातलं पायपुसणं झटकायला गेलो. जीव नुसता विटून गेला होता माझा.

*

आणि मग वैशालीचं स्थळ आलं. श्रीगोंद्याकडची पोरगी, बी. फार्म झालेली, सुप्यातच एका मेडिकलमध्ये कामाला. ही एकटीच अशी निघाली की जिनं बापूला बोलू दिलं. वडीलधारी आत बसलेली, हे दोघं पडवीत, आणि मी दाराआड. कान देऊन! देणारच ना, शेवटी पार्टनर आहे.

ती विचारत होती, "म्हणजे तुम्हाला सगळ्या देशांची मापं पाठ?"

"बऱ्यापैकी."

"आणि तुम्ही स्वतः कुठल्या मापाच्या पलंगावर झोपता?"

"दुकानात. जो त्या दिवशी इकला न्हाई त्याच्यावर."

ती हसली. खळखळून हसली हो, तोंडावर हात न ठेवता!  पुढचे काही दिवस बापूचं कामात लक्षच नव्हतं. एकाची गादी दुसऱ्याला पाठवली, मी बोललो तरी नुसता मान हलवायचा. मधल्या माणसाकडनं कळलं की पोरीचा होकार आहे, फक्त घरच्यांचं ठरायचंय. बापूच्या आईनं पलंगावरचा कांदा खाली उतरवला.

मग निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पत्रिका? अहो, पत्रिका आम्ही दिलीच नव्हती! कुणी मागितलीही नव्हती!

मी फोन लावायला निघालो होतो. चांगला सुनावणार होतो. बापूनं मोबाईल हातातनं काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. त्यांची पोरगी हाय."

*

दिवाळीनंतर एक दिवस वैशालीचे वडील दुकानात हजर. मागं तिची आई, तिच्या मागं वैशाली. मला वाटलं, गाडी रुळावर आली! मी धावत खुर्च्या पुसल्या.

"पलंग पायजे," वडील म्हणाले. "वैशूचं लगीन ठरलं. पोरगा सॉफ्टवेअरमधी, हॉलंडला असतो. म्हनलं, लोकं फसवत्यात, तुमी वळखीचं."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, एवढंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात बापू टेप घेऊन पुढं आला. "कुठल्या मापाचा, काका?"

"जावई म्हनतो, तिकडच्यागत लांब करा. सुट्टीला आला की हितल्या पलंगावर त्याचं पाय भाईर येत्यात."

"तिकडं दोनशे दहा सेंटिमीटर लांबी असती," बापू म्हणाला. "म्हंजे सातला जरासा कमी. करतो."

मी त्याला रात्री म्हटलं, "नाही म्हण. दुसरीकडं जाऊ दे त्यांना." तो म्हणाला, "दुसरीकडं हॉलंडाचं माप कुनाला ठावं हाय?" स्वतः लाकूड निवडलं. कोपरे गोल केले, कुणाला लागू नयेत म्हणून. गादीला मला हातसुद्धा लावू दिला नाही.

तयार झाल्यावर तिघं बघायला आले. आईनं गादी दाबून बघितली. वडील पलंगाभोवती एक चक्कर मारून आले आणि समाधानानं म्हणाले, "झ्याक! पन पोरगा हितं न्हाई, कसं कळावं मावतो का न्हाई ते?" मग त्यांची नजर वर गेली, बापूच्या डोक्यापर्यंत.

"आवो, जावई बरोबर तुमच्याएवढाच हाय! जरा आडवं हून दावा की."

मी म्हणालो, "अहो काका, टेपनं मोजून दाखवतो ना." पण बापूनं चपला काढल्या होत्या. तो पलंगावर आडवा झाला. मधोमध नाही. भिंतीकडच्या अंगाला, दुसरी निम्मी गादी मोकळी सोडून.

वडलांनी पायांपुढची जागा वितीनं मोजली. "बसला बघा! वीतभर जागा उरली वर. चला, उठा."

बापू उठला नाही. डोळे मिटलेले, हात छातीवर.

"झोपला का काय?" तिची आई हळूच म्हणाली.

"ए बाप्या," मी हलवायला पुढं झालो.

"राहू द्या त्यांना," वैशाली म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा बोलली होती. ती पलंगाच्या त्या मोकळ्या बाजूला उभी होती. जरा वेळ तशीच बघत राहिली. मग वडलांकडं न बघता म्हणाली, "बाबा, हा पलंग न्यायचा नाही."

"आगं, का?"

ती दारातून बाहेर पडली आणि गाडीत जाऊन बसली. तिची आई लगबगीनं तिच्या मागं गेली. वडील गोंधळून एकदा गाडीकडं, एकदा पलंगाकडं बघायला लागले. मग मलाच विचारलं, "आता काय झालं हिला? माप चुकलं का कुठं?"



बापूनं डोळे उघडले नाहीत. तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "न्हाई, काका. माप बरोबर हाय."