गीझरच्या वतीने प्रेमलाताई

आमच्या गीझरने मला पत्र पाठवलं, तेव्हा मला पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं आणि सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे पत्रव्यवहाराचा मला कंटाळा नाही. पण गीझरकडून पत्र येण्याची ही पहिलीच वेळ. रीतसर पोस्टकार्ड, रीतसर शिक्का, निळ्या शाईत टपोरं अक्षर:

‘प्रिय श्रीधरराव, आपण मला पहाटे पाचला चालू करता आणि पेपर वाचत बसता. साडेसहाला आंघोळीला येता, तोवर माझ्या पोटातलं पाणी तापून तापून वैतागलेलं असतं. अग्रलेख आंघोळीनंतर वाचला तर चालणार नाही काय? आपला नम्र, गीझर.’

मी कार्ड घेऊन तडक दुसऱ्या मजल्यावर गेलो. प्रेमलाताईंनी दार उघडलं, कार्ड वाचलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “गीझरचं म्हणणं बरोबर आहे की.”

“हे अक्षर तुमचं आहे.”

“असेल. बिचाऱ्याला लिहिता कुठे येतं?”

प्रेमलाताई ओव्हाळ. उंची बेताची, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. तेहतीस वर्षं पोस्टात पत्रं लावण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर बायका देवदर्शनाला जातात, गुडघ्यांना तेल लावतात, सुनेच्या चुका काढतात. यांना सून नाही, मुलगी लग्न होऊन नाशिकला, गुडघे ठणठणीत. तेव्हा त्यांनी वीजबचतीचं एक पथक काढलं. पथकात पेठेतून आणलेलं एक छोटं मोजयंत्र आणि चार माणसं. ते यंत्र तुमच्या फ्रिजच्या प्लगला लावायचं आणि तुमचाच चहा पीत आकड्यांकडे बघत बसायचं, हे काम उत्कर्षा नावाच्या कॉलेजातल्या मुलीचं. पत्रं लिहिणं हे बाईंचं. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तिथेही एलईडी दिव्यांवर दहा मिनिटं बोलल्याशिवाय त्या कोणाला खिरीच्या वाटीपर्यंत पोचू देत नसत.

त्यांना आमच्या घरातल्या गोष्टी कळायच्या कशा, याचा मी शोध घेतला. मीटर सगळे तळमजल्यावर एकाच खोलीत. बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात, तिथून गीझरचे लाल दिवे दिसतात. बाकीची माहिती धुणंभांडी करणाऱ्या बायकांकडून. एवढ्या सामग्रीवर माणूस काय वाटेल ते करू शकतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या आनंदला त्याच्या एसीने लिहिलं, ‘तुम्ही मला सोळावर ठेवता आणि अंगावर गोधडी घेता. आम्हा दोघांपैकी कोणातरी एकाला ठेवा.’ माझ्या शेजारच्या रंगरावांना टीव्हीने विचारलं, ‘आपण घोरू लागल्यावर मी बातम्या नेमक्या कोणाला सांगत असतो?’ रंगराव भडकले. मी सेक्रेटरी म्हणून त्यांची लेखी तक्रार मागितली. त्यांनी ती दिली आणि त्या रात्रीपासून टीव्ही बंद करून घोरू लागले.

थोडक्यात, बाईंचं चांगलं चाललं होतं. आणि चांगलं चाललेल्या कामात समितीने लक्ष घातलं नाही, तर ती समिती कसली!

मार्चमध्ये लिफ्टचं कार्ड आलं, थेट समितीच्या नावे. लिफ्टचं म्हणणं एवढंच, की पहिल्या मजल्यावरच्या धडधाकट लोकांनी तिला त्रास देऊ नये. पहिल्या मजल्यावर राहतो मी आणि रंगराव. आम्हाला ते लागलं. एकट्या आपल्याला चालायला सांगतात म्हणजे काय? चालायचं तर सगळ्यांनी चालावं. मी ठराव मांडला, की वीजबचतीच्या उदात्त हेतूने लिफ्ट रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा पूर्ण बंद ठेवावी. त्या वेळात नोकरदार बाहेरच असतात, कोणाची अडचण नाही. रंगरावांनी अनुमोदन दिलं. उत्कर्षा म्हणाली, “काका, लिफ्ट दुपारी फारशी वीज खातच नाही. मेन लोड पंपाचा आहे.” पण तिला मत नव्हतं. प्रेमलाताईंना होतं. त्यांच्या मोहिमेचं नाव पहिल्यांदाच ठरावात आलेलं, त्या खुश होऊन हात वर करून बसल्या. चौथ्या मजल्यावरच्या संतोषनेही सही केली. तो सकाळी नऊला जातो, रात्री आठला येतो.

संतोषची आई मात्र कुठेच जात नाही. गोदाबाई. मुलाच्या नोकरीपायी अमरावतीकडून पुण्यात आल्या, एक गुडघा आधीच कामातून गेलेला. पुण्यात त्यांची ओळख म्हणजे दुपारी अडीच ते साडेचार, पार्किंगमधली मेंढीकोटची बैठक. तळमजल्यावरच्या दोघी एका पक्षात, गोदाबाई आणि प्रेमलाताई दुसऱ्या पक्षात. मेंढीकोटात समोरासमोरच्या दोघी जोडीदार. या जोडीला हरवायची आमच्या इमारतीत कोणाची छाती नव्हती. गोदाबाईंनी नुसती भुवई हलवली, की प्रेमलाताईंना हुकूम कळायचा.

लिफ्ट बंद झाली आणि गोदाबाई दिसेनाशा झाल्या. ‘उन्हाळा आहे, झोपत असतील,’ असं सगळ्यांनी ठरवलं. बैठक अडू नये म्हणून प्रेमलाताईंनी जोडीदाराच्या जागी वॉचमन हिंदुरावांना बसवलं. ते भुवई हलवत नसत. थेट पत्ता सांगून टाकत.

मेच्या सुरुवातीला प्रेमलाताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पोस्टकार्ड. अक्षर वेडंवाकडं होतं. पोस्टातून चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर यायला कार्डाला चार दिवस लागले होते.

‘प्रिय प्रेमला, मी चौथ्या मजल्यावरची गोदाबाई. मार्चपासून दुपारची बंद आहे. वीज बिलकुल खात नाही. कळावे.’

मला हसू आलं. बाईंना नाही आलं. दुसऱ्यांना चिमटे काढण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याच पद्धतीने चिमटा काढला होता, आणि तो खोल गेला होता.

“लिफ्ट चालू करा, श्रीधरराव.”

“ठराव झालाय. सभेशिवाय रद्द होत नाही.”

“मग सभा घ्या. आणि ठराव नुसता रद्द नको. अकरा ते सहा म्हणजे गच्चीवर सगळ्यात कडक ऊन. त्या उन्हावर लिफ्ट चालेल, पंप चालेल, जिन्यातले दिवे चालतील. सौर पॅनेलचा विषयही घाला.”

पॅनेलचा विषय दोनदा येऊन दोनदा पडला होता. पाडणारे रंगराव. त्यांचं म्हणणं, गच्चीला भोकं पाडली की पाणी गळणार. कोणाच्या डोक्यावर? “गोदाबाईंच्या! त्या म्हाताऱ्या बाईंचा तरी विचार करा,” असं ते भरल्या गळ्याने म्हणत, आणि सभा विरघळत असे. गोदाबाईंना काय वाटतं, हे कोणी विचारलेलं नव्हतं. मीही नाही.

नोटिशीचा मसुदा प्रेमलाताईंनीच करून आणला. रविवार, दुपारी तीन. सभेनंतर आमरस. मी ‘आमरस’ हा शब्द वाचला आणि सही केली. जागेची ओळ मी वाचली नाही. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने हे कबूल करणं सोपं नाही.

जागा होती: फ्लॅट क्रमांक ४०२, गोदाबाईंचं घर. संतोषला बाईंनी फोनवरच विचारलं होतं.

रविवारी तीन वाजता लिफ्टसमोर सतरा सभासद उभे. लिफ्ट अर्थातच बंद. बाहेर येरवड्याचं मे महिन्यातलं ऊन. मी बटणाच्या पेटीची किल्ली काढू लागलो, तशा प्रेमलाताई म्हणाल्या, “ठराव आहे, श्रीधरराव. तुमच्याच अक्षरात.”

आम्ही चढलो. दुसऱ्या मजल्यावर बोलणं बंद झालं. तिसऱ्यावर रंगराव आनंदच्या चपलांच्या कपाटावर बसले आणि उठेनात. चौथ्यावर मी पोचलो, तेव्हा माझ्या हातातली फाइल घामाने ओली झाली होती. प्रेमलाताई आमच्या आधीच पोचून दारात पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर काहीही नाही. बाई निर्लज्ज होत्या, हे मी इथे नमूद करतो.

सभा सुरू झाली. प्रेमलाताई उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आता आमची धुलाई. पण त्या म्हणाल्या, “लिफ्टच्या ठरावाला मी हात वर केला होता. चूक माझी. पॅनेल बसोत न बसोत, आधी लिफ्ट चालू करा.” उत्कर्षाने मान खाली घातली. हट्टाने दोन वर्षं चालवलेल्या मोहिमेतली पहिली माघार होती ती.

मग पॅनेलचा विषय निघाला. मागाहून कसेबसे पोचलेल्या रंगरावांना अजून धाप लागलेली होती, तरी ते म्हणालेच, “गळलं तर? गोदाबाईंच्या डोक्यावर?”

पलंगावर पाय लांब करून बसलेल्या गोदाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“छत गळलं त मी बादली ठेवीन, भाऊ. माणसंच येईनाशी झाली त काय ठेवू?”

डोक्यावर पंखा फिरत होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की मी विनाकारण फाइल उघडून बंद केली.

लिफ्टचा ठराव रद्द झाला. पॅनेल मंजूर झाली, गच्चीच्या दुरुस्तीची हमी लिहून घेऊन. ती अट रंगरावांची, आणि खरं सांगायचं तर शहाणपणाची. हात त्यांनीही वर केला. आमरस संपला. मी चौथ्या मजल्यावरच्या पेटीत किल्ली फिरवली आणि सगळे लिफ्टच्या दाराशी असे लोटले, जणू ती परत बंद होणार होती.

मी सह्या तपासत मागे राहिलो. प्रेमलाताई वाट्या गोळा करत होत्या. एकदम हलक्या झालेल्या, तोंडाची टकळी चालू. “झालं की नाही मनासारखं? उद्यापासून अडीचला खाली. हिंदुरावांना आजच काढून टाकते.”

गोदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“प्रेमला, एक विचारू?”

“विचार.”

“लिफ्ट बंद होती. जिना त चालूच होता ना? तुले गुडघे बी आहेत. दोन मजले. काऊन नाही आली गं तू?”

त्यात राग नव्हता. राग असता तर प्रेमलाताईंनी काहीतरी परतवलं असतं. अख्ख्या इमारतीच्या एसी-गीझरच्या वतीने बोलणारी ती बाई, हातात आमरसाची वाटी धरून नुसती उभी राहिली. मग वाटी खाली ठेवली आणि निघून गेली.

मी गोदाबाईंकडे बघायचं टाळत कागद आवरू लागलो. पाचेक मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. लिफ्ट आता चालू होती. प्रेमलाताई जिन्याने वर आल्या, धापा टाकत, हातात पत्त्यांचा कॅट. पलंगाच्या कडेला बसून त्या पत्ते पिसू लागल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बसा, सेक्रेटरी. तिसरा भिडू लागतो. रंगरावांना हाक मारा, चौथे ते.”