मीटररूमची किल्ली

आमच्या बिल्डिंगमध्ये मीटररूमची किल्ली महिन्याच्या पाळीने फिरायची. ज्याच्याकडे किल्ली, त्याने संध्याकाळी पंप लावायचा, वरची टाकी भरली की बंद करायचा, आणि टाकी ओसंडली तर सगळ्यांची बोलणी खायची. बदलापूरला कात्रपमध्ये तेव्हा बिल्डिंगा भराभर उगवत होत्या आणि पाणी मात्र होतं तेवढंच होतं. त्यामुळे किल्लीवाल्या बाईचा त्या महिन्यापुरता रुबाब असायचा. माझ्या ताईचं नशीब त्या किल्लीला बांधलं गेलं ते गाडीमुळे. नव्वदनंतरची गोष्ट आहे. आमच्याकडे विजेवर चालणारी मोटार होती. आज सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात, तेव्हा कुठल्या आल्या विजेच्या गाड्या म्हणतात. होत्या. मोजक्याच होत्या, आणि त्यातली एक आमच्या जिन्याशेजारी उभी असायची.

हौस म्हणून घेतली नव्हती. ताईचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, कमरेपासून खाली लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. तरी बी.एड. करून ती अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली होती. स्टेशनचा पूल तिला चढता यायचा नाही, म्हणून शेअर रिक्षा. आणि रिक्षावाल्यांची तऱ्हा अशी, की सीट भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि ताईचा ताठ पाय आत आला की एक सीट वाया. ‘मॅडम, पीछेवाली में बैठो ना,’ म्हणत एकेक जण तिला मागे ढकलायचा. शाळेला उशीर व्हायचा. नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि हेडबाईंनी दोनदा बजावलं होतं. घरात बसलेली लंगडी मुलगी व्हायचं नाही, एवढंच ताईला आयुष्यात हवं होतं. लग्नाचं तिने कधीच सोडून दिलं होतं. नोकरी कायम व्हायला हवी होती.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. हात मोकळे आणि डोक्याला काम नाही, तेव्हा त्यांनी गाडीचं मनावर घेतलं. पेट्रोलच्या गाड्यांचा प्रश्न एकच, क्लच. तो डाव्या पायाने दाबायचा, आणि ताईच्या त्या पायात मुंगी मारायचं बळ नव्हतं. उल्हासनगरला कुणी गॅरेजवाला क्लच हाताने दाबायची सोय करून देतो असं कळलं म्हणून आम्ही तिघं गेलो. त्याने स्टिअरिंगजवळ सायकलच्या ब्रेकसारखी एक दांडी बसवली होती. ताईने शांतपणे विचारलं, क्लचला हा हात, गिअरलाही हाच हात, मग तिसरा हात तुम्ही देणार का. बाबा हसले, आणि आम्ही तसेच परतलो.

त्याच गॅरेजवाल्याने फर्निचरवाल्या एका सिंधी शेठचा पत्ता दिला. त्यांनी नवलाई म्हणून विजेची गाडी घेतली होती आणि आता दुकानामागे झाकून ठेवली होती. दोन दारांची, बुटकी, लाडूसारखी गाडी. क्लच नाही, गिअर बदलायची भानगड नाही. उजव्या पायाने चालव, उजव्या पायाने थांबव. ताई आत बसली, पाय नीट ठेवला, आणि गोडाऊनच्या आवारात तिने गोल फेरी मारली. तिचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. शेठ मात्र सरळ माणूस. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, “साईं, गाडी में कोई खराबी नहीं. खराबी लाइट में है. आप के घर की लाइट कैसी है, वो आप सोचो.”

आमच्या घरची लाइट कशी होती हे काय सांगायचं. संध्याकाळी ट्यूबलाइट चारदा डोळे मिचकावून लागायची. पण ताईची ती फेरी बघितल्यावर सोचायचं कोणी.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, तेव्हा चार्जिंगची सोय खाली करणं भाग होतं. बाबांनी सोसायटीची रीतसर परवानगी काढली, आमच्या मीटरवरून मीटररूममध्ये वेगळा जाड पॉइंट घेतला, आणि खिडकीच्या गजांतून वायर बाहेर काढून गाडीपर्यंत आणली. म्हणजे वायरचं एक टोक कुलपाच्या आत पॉइंटला आणि दुसरं बाहेर गाडीला. दुपारी ताई शाळेतून आली की बाबा किल्लीवाल्यांकडून किल्ली आणून आतला प्लग लावायचे. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं कामही त्यांचंच. आई म्हणायची, माझ्या औषधाच्या वेळा यांना कधी आठवल्या नाहीत, त्या बॅटऱ्यांची तहान बरोबर आठवते.

सुरुवातीला सगळ्यांना कौतुक. नारळ फोडला, पेढे वाटले. चालताना गाडी घुं घुं करायची म्हणून बिल्डिंगने तिचं नाव मिक्सर ठेवलं. ‘आली गं तुमची मिक्सर,’ तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडायच्या. ताई रोज वेळेवर शाळेत पोचायला लागली. मलाही अंबरनाथपर्यंत न्यायची, पुढे मी उल्हासनगरला कॉलेजला जायचे. गाडीत ती गाणी म्हणायची, अत्यंत बेसूर. माझ्या बहिणीला गाता येत नाही हे मला तेव्हा कळलं, कारण त्याआधी ती कधी गायलीच नव्हती.

मग उन्हाळा आला आणि दुष्काळात तेरावा महिना तशी व्होल्टेजने मान टाकली. गाडी चार्जिंगला असली की पंपाची मोटर नुसती हुंकार द्यायची, उचलायची नाही. एकदा जळलीसुद्धा. झालं, गच्चीवर मीटिंग. बाबा समजावत होते की दोष वरून येणाऱ्या लाइटचा आहे. त्यांचं खरं होतं, पण तीन मजल्यांच्या कोरड्या नळांपुढे खऱ्याला कोण विचारतो. अखेर ठरलं ते असं, की पंपाच्या वेळी किल्लीवाल्याने गाडीचा प्लग काढायचा, टाकी भरली की परत लावायचा. बाबांनी मान्य केलं. लोकही वाईट नव्हते हो. प्लग आठवणीने लावायचे, आणि बाबा जेवण झाल्यावर स्वतः खाली जाऊन बघून यायचे.

ताईला शाळेत दोन वर्षं पुरी व्हायला आली. संस्थेचे अध्यक्ष तिचा पाठ बघायला येणार, सकाळचा पहिला तास, आणि त्यावर कायम करायचं की नाही ते ठरणार, असं हेडबाईंनी कळवलं. आठवडाभर घरात त्रिकोणमिती चालली होती. मी विद्यार्थी, आई विद्यार्थी, बाबा फळ्याऐवजी पाटी धरून. त्या महिन्यात किल्ली आमच्याकडेच होती, आईच्या कमरेला. घरचीच किल्ली, म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त होतो.

पाठाच्या आदल्या दिवशी दुपारी तळमजल्यावरचे काका गेले. ताई शाळेतून आली, बाबांनी प्लग लावला आणि वर येतात तोच काकूंचा हंबरडा ऐकू आला. काकांनी सगळी नोकरी जांभूळ गावच्या पाण्याच्या प्लांटवर काढली होती. आख्ख्या कारखान्यांना पाणी पाजलं त्या माणसाने, आणि त्यांच्या आंघोळीच्या वेळी वरची टाकी खडखडीत. खालच्या टाकीत तेवढं पाणी आलेलं होतं. आई धावत गेली, गाडीचा प्लग काढला आणि पंप लावला. दुसरं कोणी काय केलं असतं. काकांना आंघोळ घातली, पुरुषमंडळी स्मशानात गेली, बायकांनी घर धुऊन काढलं, परत आलेल्यांच्या आंघोळी झाल्या. पंप लागतच होता, पुन्हा पुन्हा. त्या घरात चूल पेटायची नव्हती, तेव्हा आईने सगळ्यांचं पिठलं-भात केलं, काकूंना जबरदस्तीने दोन घास भरवले. मग मीटररूमला कुलूप लावून वर आली आणि आडवी झाली. बाबा स्मशानातून सुन्न होऊन आले होते. किल्ली घरचीच, खाली बघायला कशाला जायचं.

सकाळी ताईने मोतिया रंगाची कडक इस्त्रीची साडी नेसली, आईने हातावर दही दिलं. गाडीकडचं वायरचं टोक ताईने काढलं आणि गजाला अडकवलं. कुलपाआडचं टोक तिला दिसायचं काही कारण नव्हतं. चार्जिंगचा काटाही चांगला वर होता. पण रात्रभर उभ्या गाडीचा काटा फसवायचा, हे आम्हाला नंतर कळलं.

बदलापूर मागे पडलं आणि काटा खाली यायला लागला. ताई गाणं म्हणत होती ती थांबली. अंबरनाथच्या अलीकडे एक लांबट चढ आहे. त्या चढावर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि उभी राहिली. पेट्रोलची गाडी निदान खोकते, धक्के देते. हिने काहीच केलं नाही. ताईने उजवा पाय तळापर्यंत दाबून धरला होता, आणि तशीच ती बसून राहिली.

मी उतरून रिक्षांना हात केले. सगळ्या भरलेल्या. शेवटी कारखान्याचा माल नेणारा एक टेंपो थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता, बसा म्हणाला. पण केबिनची पायरी ताईच्या कमरेइतकी उंच. ती दोनदा प्रयत्न करून खाली आली. ड्रायव्हर आणि क्लीनर म्हणाले, ताई, उचलून ठेवू का. माझ्या बहिणीने जन्मात कुणाला स्वतःला उचलू दिलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि हो म्हणाली. दोघा परक्या माणसांनी तिला काखेत हात घालून पोत्यासारखं वर घेतलं. कॅलिपर दाराला आपटला, साडीला ग्रीस लागलं. मला त्या वेळी जगातल्या प्रत्येक माणसाचा राग आला, त्या दोघा भल्या माणसांचासुद्धा.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरा तास सुरू होता. अध्यक्ष वर्गात मुलांबरोबर वाट बघून निघून गेले होते. हेडबाईंनी ताईला पाणी दिलं, साडीवरचा डाग पाहिला आणि म्हणाल्या, “बाई, तुमची अडचण आम्हाला कळते हो. म्हणूनच सांगते, घराजवळ काहीतरी बघा.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. वर्षाच्या शेवटी ताईच्या जागी दुसऱ्या बाई आल्या.

त्या दिवशी गाडी दोरीने ओढून आणल्यावर बाबांनी आईकडून किल्ली घेतली आणि मीटररूम उघडली. मी मागेच होते. प्लग खाली लोंबत होता. बाबांनी वाकून तो उचलला. मग त्यांनी तो लावला, वर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, रात्री लाइट गेली असणार. आई ओट्याशी उभी होती, तिने वळून पाहिलं नाही. रात्रभर आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता हे चौघांनाही माहीत होतं. ताई म्हणाली, “हो, गेली असेल.” आणि तो विषय आमच्या घरात कायमचा बंद झाला.

नंतर ताईने घरीच शिकवण्या सुरू केल्या. मुलं वर यायची, ताई खाली जायची नाही. बाबा मात्र रोज दुपारी गाडी चार्जिंगला लावायचे. रोज गाडी भरलेली आणि जायला ठिकाण नाही. मी एकदा चिडून म्हटलं, कशासाठी लावता. ते म्हणाले, न लावता ठेवली तर बॅटऱ्या मरतात. आई आपली पाळी आली की किल्ली शेजारच्यांना देऊन टाकायची, गुडघे दुखतात म्हणायची. ताईला गरम पोळी वाढताना, तिची साडी घडी करताना आई इतकी जपून वागायची, की बघवत नसे. आणि ताईही हसून गोड बोलायची. मला वाटायचं, बरं झालं, हिने मनातून काढून टाकलं. थोरच म्हणायची माझी बहीण.

चारेक वर्षांनी आई गेली. तापाचं निमित्त झालं, आणि दवाखान्यातून आणली ती तशीच. नळाला पाणी नव्हतं. तळमजल्यावरच्या काकू किल्ली घेऊन आल्या, पंप मी लावते म्हणाल्या. ताईने त्यांच्या हातातून किल्ली घेतली. एकेक पायरी उतरत ती खाली गेली, मी तिच्यामागून. मीटररूममध्ये गाडीचा प्लग लावलेलाच होता, बाबांनी दुपारी लावला होता. बाहेर जिन्याशेजारी धुळीने भरलेल्या गाडीतून चार्जरचा आवाज येत होता.

ताईने प्लगवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी तिला माफ नव्हतं केलं गं. एक दिवससुद्धा नाही. आणि तिला ते माहीत होतं.”

खोटं सांगायची सवय होती आमच्या घराला, पण त्या वेळी मला एकही सुचलं नाही. ताईने प्लग ओढून काढला, पंपाचं बटण दाबलं. मोटरने लगेच उचललं. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत ताई भिंतीला टेकून रडत राहिली, आणि मग आम्ही आईला आंघोळ घालायला वर गेलो.

तो प्लग पुन्हा कुणी लावला नाही, बाबांनीही नाही.