नापास कापडाची जर्सी

कुठलीही वस्तू हाती आली की आप्पा आधी ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे, मग उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, “भाऊ, यात लोचा से.” लग्नपत्रिका असो, नवी उशी असो की मेथीची जुडी. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल; नीट पाहा.

गुजरातेतल्या बमरोलीत आमची घरं समोरासमोर. आप्पा अमळनेरकडचे, बोली अहिराणी. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगवलेलं कापड तपासायचं काम. डाग, पट्टी, तुटका धागा दिसला की खडूने खूण करून माल नापास. मी परभणीचा, एका कारखान्यात हिशेब सांभाळतो. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय माझाही कशावर विश्वास बसत नाही. पण आप्पांपुढे मी भोळाच.

त्यांची मुलगी कॉलेजात बेसबॉल खेळायची. एके दिवशी ती सांगत आली, भारताच्या संघात निवड झाली, स्पर्धेला परदेशी जायचंय.

आप्पा तडक माझ्याकडे. “भाऊ, ज्या खेळाचं नाव गल्लीत कुणी ऐकलं नाही, त्याचा भारताचा संघ कसा? वर ती म्हणते, ही मोठ्या संघांची स्पर्धा नाही, नव्याने शिकणाऱ्या देशांची आहे. देश बी शिकाऊ ऱ्हातस का?”

मलाही पटेना. पोरींना बाहेर नेऊन पासपोर्ट काढून घेतल्याच्या गोष्टी आम्ही दोघांनी ऐकल्या होत्या. मी वर्तमानपत्रं चाळली. एक ओळ नव्हती.

आम्ही कतारगामच्या मैदानावर तिच्या प्रशिक्षकांना गाठलं. गुजराती, हसतमुख माणूस. “काका, चिंता ना करो. या स्पर्धेत जिंकलो की वरच्या गटात जाता येतं.” आप्पांनी त्यांच्या हातातला चामडी ग्लोव्ह घेऊन चोळला. परतताना रिक्षात म्हणाले, “माणूस फार हसतो. लोचा से.”

घरी येऊन मी खेळाच्या संघटनेला फोन लावला. तिथल्या बाईंनी मुलीचं नाव, गाव सगळं बरोबर सांगितलं.

“फोनवर बी त्यांचाच माणूस असेल ना?” आप्पांनी विचारलं. शंका अगदीच गैरलागू नव्हती.

निघायच्या आठवड्यात निळी जर्सी आली. आप्पांनी मला हाक मारून बोलावलं. ट्यूबलाइटखाली जर्सी ताणून धरली होती. पाठीवरच्या नंबराखाली एक फिकट आडवी पट्टी होती.

“हा आपल्याच मिलचा माल. मी स्वतः नापास केलेला. देशाला कुणी नापास कापड देईल का? बस. पोरगी जाणार नाही.”

एवढ्या ताक्यांतून नेमका हाच त्यांनी कसा ओळखला, याबद्दल मला आजही शंका आहे.

मुलगी उसळली. “पप्पा, तुम्ही नापास केलं, मग विकलं कुणी? त्यांना जाऊन पकडा ना! मला का थांबवता?”

वहिनी चुलीशी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “घरमाना पडदा, उशीना अभ्रा, तुमना आंगवरना सदरा... समदं नापासच से. मंग आपुन बी खोटा का?”

खरंच होतं. मिलमधून नापास माल स्वस्तात मिळतो. आमची अख्खी गल्ली तोच नेसते, पांघरते. आप्पांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मग जर्सीची घडी घातली आणि मुलीच्या बॅगेत अगदी वर ठेवली.

सामना आम्ही माझ्या मोबाइलवर पाहिला. चित्र अडकायचं, नियम दोघांनाही कळत नव्हते. मुलगी धावत येऊन जमिनीवर घसरली, पंचाने हात आडवे पसरले. तेवढ्याने समजलं, ती वाचली, बाद नाही. संघ शेवटी हरलाच. वरचा गट हुकला.

“पंचमा लोचा से,” आप्पा म्हणाले. गेल्या कित्येक दिवसांत ते पहिल्यांदा हसले होते.

मुलगी सुखरूप परतली. तिला विमानतळावरून आणताना आप्पा टॅक्सीवाल्याचं ओळखपत्र चोळून पाहत होते, हेही नोंदवायला हवं.

पुढे त्यांच्या डोळ्यांना कापडातली पट्टी दिसेनाशी झाली. तपासनीसाचे डोळे गेले की कामही जातं. मुलीला बडोद्याला नोकरी लागली आणि आप्पा-वहिनी गावी जायला निघाले. टेम्पोत कपाट, गाद्या, भांडी चढली. एक पिशवी मात्र आप्पांनी कुणाला चढवू दिली नाही. ती मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले.

“टेम्पोत काही लोचा नाही ना, आप्पा?” मी विचारलं.

टेम्पो वळला तेव्हा मला दिसलं, पिशवीतून निळ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं आणि आप्पा ते अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू चोळत होते. तपासत असतील म्हणावं, तर डोळे मिटलेले होते.