रत्नमालाताई आणि सीतादहीचा लांबवलेला दिवस

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी चहा घेऊन बोरी अरब गावी गेलो आणि आमचं कापसाचं वावर पाहून आलो. परत येताना जीपमध्ये गर्दी होती, दारव्ह्यापर्यंत उभाच आलो. वरण-भात लावून जेवलो, थोडा पडलो. दुपारी रत्नमालाताईंच्या गौरवसमितीचे दोघे जण आले आणि गौरवग्रंथासाठीचा लेख उद्या हवा असं सांगून गेले. ऊन उतरल्यावर लिहायला बसलो आहे.

आदरणीय रत्नमालाताई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. दारव्ह्यात आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलं, त्यांना ताईंची ओळख करून देण्याची गरज नाही. पूर्वी त्या एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. ती नोकरी सोडल्यावर त्यांनी घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा सुरू केली, ती आजही चालू आहे. मी शाळेत लिपिक होतो. कार्यालयीन पत्रं पुष्कळ लिहिली, लेख कधी लिहिला नाही. समितीने मला विचारलं तेव्हा मी दुसरं नाव सुचवलं होतं. मग ताईंचा स्वतःचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लिहा. पण निर्मलाबाईचं जे झालं तेही लिहा. ते गाळून लिहाचं असंल, तर राहू द्या."

निर्मला माझी पत्नी. तिला लकवा झाला, उजवी बाजू गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सोबत औषधं होती आणि घरी नीट काळजी घ्या एवढी सूचना होती. नीट म्हणजे कशी, ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ताईंना बोलावलं. ही आमची पहिली भेट.

ताई आत आल्या, चप्पल दाराशी काढली, हात धुतले आणि पलंगाकडे पाहत राहिल्या. आम्ही पलंग भिंतीला लावून ठेवला होता, म्हणजे निर्मला पडणार नाही. ताईंनी मला पलंगाचं दुसरं टोक धरायला सांगितलं आणि तो खोलीच्या मधोमध ओढून घेतला. भिंतीकडच्या बाजूने हात लावता येत नाही, मग रुग्णाला एकाच कुशीवर वळवलं जातं आणि त्याच बाजूला जखम होते, असं त्यांनी समजावलं. पण आमच्याकडे जखम आधीच झाली होती. दवाखान्यातच माकडहाडाजवळ कातडी सोलून निघाली होती. ताईंनी ती पाहिली आणि कोणाला दोष न देता पाणी गरम करायला सांगितलं.

त्यांच्या कामाची एक पद्धत मला सगळ्यात आधी सांगायला हवी. त्या रुग्णाशी बोलल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. "निर्मलाबाई, आता कुशीवर घेतो," असं म्हणून थांबायच्या, तिने पापणी हलवली की मगच वळवायच्या. निर्मलाचं बोलणं अडखळत यायचं, म्हणून सुरुवातीला तिच्याऐवजी मीच उत्तर द्यायचो. झोप लागली का, असं विचारलं की मी म्हणायचो, लागली. एक दिवस ताई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "निर्मलाबाई, हे तुमच्यासाठी जेवतेत पण का?" निर्मला हसली. लकव्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, तोंड एका बाजूला जाऊन. त्यानंतर मी गप्प राहायला शिकलो. उत्तर यायला वेळ लागायचा, पण यायचं.

दुसरी पद्धत केसांची. जखम धुण्याआधी त्या निर्मलाचे केस विंचरून वेणी घालायच्या. मी एकदा म्हटलं, आधी मुख्य काम करून घ्या, तुम्हाला पुढे दुसऱ्या घरी जायचं असतं. त्या म्हणाल्या, "मुख्य कामच करून राह्यली." तेल कोणतं लावायचं हे निर्मला ठरवायची. घरात तिने ठरवलेली तेवढीच एक गोष्ट उरली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मलाही त्यांनी सांभाळलं. चादरीच्या दोन टोकांना धरून, गुडघे वाकवून माणसाला कसं सरकवायचं, ते त्यांनी शिकवलं, नाहीतर माझी कंबर पहिल्या महिन्यातच गेली असती. त्या इंजेक्शन देत, नळी बदलत, पण रोजचं वळवणं, पुसणं, भरवणं माझ्याकडून करून घेत. आपण नसताना घर अडू नये, असा त्यांचा आग्रह असे. पातळ पाण्याने निर्मलाला ठसका लागायचा, म्हणून वरण घट्ट करून, तिला बसतं करून भरवायला त्यांनी सांगितलं. मी उभ्याने दोन घास खातो हे पाहून त्यांनी खुर्ची आणून पलंगाशी ठेवली आणि दोघांनी सोबत जेवायचं असं ठरवून दिलं.

ताई बौद्ध आहेत. एका घरी त्यांना चहासाठी वेगळा कप असे, तो बाहेर खिडकीत ठेवलेला असे. ही गोष्ट निर्मलाने बोलण्यात त्यांच्याकडून काढून घेतली. तू तिथे जाणं सोड, असं तिने अडखळत सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "चहा सोडला. म्हातारीले कसं सोडू, तिनं थोडीच कप ठेवला तिथं?" त्या घरची म्हातारी जाईपर्यंत त्या जात राहिल्या.

आता जे लिहायला त्यांनी सांगितलं, ते लिहितो.

आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. घरची बाई वावरात जाते, पहिल्या झाडांजवळ दहीभाताचा नैवेद्य ठेवते, दही शिंपडते, पहिली बोंडं स्वतःच्या हाताने वेचते. त्याशिवाय वेचणाऱ्या बायका ओळीला लागत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून निर्मलाने हे एकदाही चुकवलं नव्हतं. मागच्या वर्षी पोळा झाल्यावर ताईंनी तिला विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतं. ती म्हणाली, "वावरात जाचं. दही शिंपडाचं."

ताईंनी ते मनावर घेतलं. त्या म्हणाल्या, "मले तुमची पूजा नाही समजत, पण तुम्हाले बसवाचं कसं ते समजते." त्या दिवसापासून सगळं त्या दिशेने सुरू झालं. पाठीला उशा लावून बसणं, मग उशा कमी करणं, मग पाय खाली सोडून बसणं. डाव्या हाताने वाटीतलं पाणी चमच्याने शिंपडायचा सराव. त्यात पलंगाखाली पाणी व्हायचं आणि ताई मला पुसायला लावायच्या. निर्मला त्या दिवसांत तरतरीत झाली होती. बोंडं फुटली का, हे रोज विचारायची. मी बोरी अरबहून एक फांदी आणून दाखवली, तर म्हणाली, झाड कशाला मोडलं.

कापूस फुटला. वेचणाऱ्यांच्या मुकादम वच्छलाबाई विचारायला आल्या. आम्ही दिवस ठरवला, जीप सांगितली. आदल्या दिवशी ताईंनी जखम उघडून पाहिली. ती भरत आली होती, कडेने नवी कातडी धरत होती, पण मध्ये अजून ओली होती. वावरापर्यंतच्या पांदणीत, त्या कच्च्या वाटेवर, जीप फार आदळते. इतक्या महिन्यांनी भरत आलेली जखम एका दिवसात फाटेल, अशी त्यांना काळजी वाटली. त्यांनी निर्मलाला सांगितलं, आठ दिवस द्या, जखम बंद झाली की मी स्वतः सोबत येते.  निर्मला म्हणाली, "वेचनी थांबवा मंग."

वेचणी थांबवली. शेजारच्या वावरांतून कापूस घरी जात होता, आमचा झाडावर लोंबत होता. वच्छलाबाईंनी बायकांना दुसरीकडे लावलं, पण तक्रार केली नाही.

ते आठ दिवस पुरे झाले नाहीत. निर्मलाला ताप आला, छातीत कफ भरला. डॉक्टर आले, औषध बदललं. ताई सकाळ-संध्याकाळ येत होत्या. शेवटच्या दिवशी ताईंनीच तिची वेणी घातली. ती गेली तेव्हा जखम पूर्ण बंद झालेली होती.

तेराव्यानंतर ताई घरी आल्या. मी चहा केला. त्यांनी घेतला नाही, कप हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "जखम पाह्यली म्या, भाऊ. बाई नाही पाह्यली." मी म्हणालो, तुमचं चुकलं असं या घरात कोणी म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणत. मी म्हणते." मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, की ताप तसाही येणारच होता. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही. त्यानंतर बरेच दिवस त्या कोणाच्याच घरी गेल्या नाहीत. लोक मला विचारायचे, कारण माझ्याकडे त्यांचं येणं-जाणं होतं. 

त्या पुन्हा कामाला लागल्या त्या नेरच्या एका घरी. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, तेही अंथरुणावर, त्यांनाही पाठीला जखम. त्यांची इच्छा काय, तर बसस्टँडवर बसून चहा प्यायचा. मुलगा म्हणाला, जखम बरी होऊ द्या, मग नेऊ. ताई म्हणाल्या, जखम घरी आल्यावर धुते. ऑटोत उशा रचून त्यांनी त्यांना नेलं. म्हातारबुवा तिथे बसून कोणती गाडी लेट आहे आणि कोणत्या ड्रायव्हरला गिअर टाकता येत नाही, हे सांगत राहिले. घरी आल्यावर जखमेतून थोडं रक्त आलं होतं. ताईंनी ते धुतलं. ते गृहस्थ आजही आहेत आणि दर आठवड्याला स्टँडवर नेण्याची मागणी करतात. हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं. ताई आता प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी विचारतात, कुठे जायचं आहे, आणि जखमेसाठी कोणाला थांबवत नाहीत.

लोक म्हणतात, ताईंच्या कामात आता आणखी काही आलं आहे. खरं आहे. ते आमच्या घरातून आलं, याचा मला आनंद मानता येत नाही. निर्मला वावरात गेली असती आणि ताईंना हे कधीच कळलं नसतं, तर मला ते जास्त आवडलं असतं. हे गौरवग्रंथात लिहावं की नाही, मला कळत नाही. पण ताईंनी खरं लिहायला सांगितलं, म्हणून लिहिलं.

साठाव्या वर्षी ताईंसाठी माझं मागणं साधं आहे. त्यांचे गुडघे अजून पुष्कळ वर्षं त्यांना लोकांच्या दारापर्यंत नेवोत. निर्मला गेल्यापासून उडालेली त्यांची झोप त्यांना परत मिळो. आणि खूप म्हातारपणी त्यांना कधी कुशीवर वळवायची वेळ आलीच, तर वळवणाऱ्या माणसाने आधी त्यांना विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी.

परवा वच्छलाबाई आल्या होत्या. यंदा बोंडं फुटली आहेत, सोमवारी बायका आणते म्हणाल्या. मग थांबून त्यांनी विचारलं, सीतादही कोण करते यंदा. मी पाहू म्हणालो. घरात दुसरं कोणी नाही. दही एका रात्रीचं असलं तर जास्त आंबट होत नाही, म्हणून आज दूध जास्तीचं घेतलं होतं. लेख इथे थांबवतो. दूध तापवून ठेवलं आहे, आता कोमट झालं असेल. उठून विरजण लावतो.